एकाच घरचं दूध

अण्णाजी राऊतांचा एक सिद्धांत होता, आणि सिद्धांत असलेल्या माणसाचं जे व्हायचं तेच शेवटी त्यांचं झालं.

सिद्धांत असा, की माणसाने वाणी एक धरावा, न्हावी एक धरावा, शिंपी एक धरावा आणि मरेपर्यंत सोडू नये. त्यांचा शिंपी गेली अकरा वर्षं त्यांच्या कोटाची डावी बाही दोन बोटं आखूड शिवत आला होता. अण्णाजींनी शिंपी बदलला नाही. डावा हात खिशात घालून चालायची सवय लावून घेतली. तेहतीस वर्षं तहसील कचेरीत घासून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांच्या रुबाबदार चालीचा खास उल्लेख केला होता. तो रुबाब त्या बाहीचा.

तर निवृत्तीनंतर घरी बसून पंचांग वाचण्याऐवजी अण्णाजींनी धंदा करायचं ठरवलं. पुलगावात स्टेशनाकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाळा घेतला आणि त्यावर पाटी चढवली : 'श्रीगोपाल दुग्धालय. आमचे येथे एकाच घरचे शुद्ध दूध, पेढे व चहा मिळेल.' त्यातला 'एकाच' हा शब्द श्रीगोपालाच्या नावापेक्षाही मोठा होता. ते एक घर म्हणजे गावाबाहेर, गुरं जमतात त्या गोठाणावर राहणारा नत्थूजी गोवारी. त्याच्या बारा गाई होत्या, आणि अण्णाजींच्या घरी तीस वर्षं त्याचंच दूध येत होतं.

शेजारचे बंडूजी पाटी वाचायला खुर्ची घेऊनच आले. बंडूजींनी आयुष्यात कुठलाच धंदा केलेला नव्हता, त्यामुळे सगळ्या धंद्यांबद्दल त्यांची मतं पक्की होती.

"हे बेस केलं," ते म्हणाले. "दहा घरचं दूध म्हंजे दहा घरची भांडनं. एक मानूस धरला का गळा धराले बी सोपं जाते."

लायसनच्या अर्जाचं काम मात्र इतकं सोपं गेलं नाही. कारकून हरिदासबाबूंनी अर्ज दोनदा परत केला. एकदा तारीख इंग्रजीत आणि सही मराठीत होती म्हणून, आणि एकदा दोन्ही मराठीत होत्या म्हणून. अण्णाजींना राग आला नाही. उलट आपल्या पश्चात सरकार नीट चाललंय याचं समाधान वाटलं. अर्जात 'दूध पुरविणाऱ्याचे नाव' असा बोटभर रकाना होता. तिथे 'नत्थूजी' एवढंच लिहून अण्णाजी म्हणाले, "पाहा, किती शोभतं!" हरिदासबाबूंनी शिक्का मारता मारता बजावलं, की पुरवणारा बदलला तर नवीन अर्ज, तीन प्रतीत.

"बदलणार कोण?" अण्णाजी हसले.

गाळ्यात सुतारकाम चाललं होतं. कपाट झालं, बाकं झाली, आणि सुताराने कोणी न सांगता मागच्या दाराबाहेर एक जाडजूड खिळा ठोकून त्याला कान तुटलेला एक कप अडकवून दिला. असा खिळा गावातल्या प्रत्येक हॉटेलाला होता. तो कोणासाठी हे कोणी विचारत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाशिवीविरुद्धचा कायदा होऊन दोन वर्षं उलटली होती, आणि त्याचं परिपत्रक खुद्द अण्णाजींनी आपल्या हाताने फाइलला लावलं होतं. त्यांनी खिळा पाहिला, आणि पाहिला नाही असं केलं.

उद्घाटनाला त्यांनी बापूराव देशमुखांना बोलावलं. बापूराव म्हणजे शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. संस्थेचं सव्वाशे पोरांचं वसतिगृह होतं आणि दिवाळीनंतर तिथल्या रोजच्या दुधाचा ठेका द्यायचा होता. बापूराव सहजच म्हणाले होते, "उद्घाटनाले येतो, दूध पेतो, मंग पाहू." एवढ्यावर अण्णाजींची झोप उडाली होती. ठेका मिळाला तर दुग्धालय. नाही मिळाला तर गावाच्या जिभेवर जन्मभर 'म्हातारपणी हॉटेल काढलं' एवढंच. साठ पाहुणे, प्रत्येकाला पेलाभर गरम केशरी दूध, म्हणजे वीस शेर दूध लागणार होतं. पत्रिका छापल्या. मुहूर्त साडेतीन मुहूर्तांतला, दिवाळीचा पाडवा, सकाळी अकरा.

पाडव्याला सहा वाजले, सात वाजले, नत्थूजी आला नाही.

अण्णाजी कोट-टोपी चढवून, सायकलीला दुधाची रिकामी बरणी बांधून निघाले. वाटेत माळ्याकडून बापूरावांसाठी सांगितलेला झेंडूचा हार घेऊन दांडीला अडकवला. एका खेपेत दोन कामं करावीत, हाही सिद्धांतच.

गोठाणावर पाहतात तो जत्रा. गाईंची शिंगं रंगवलेली, पाठीवर हळदीकुंकवाचे पंजे, बायका आरत्या घेऊन उभ्या, आणि मधोमध मोरपिसांची उंच ढाल नाचवीत, डफाच्या तालावर नत्थूजी स्वतः नाचतोय. गोवाऱ्यांचं गायगोधन होतं, गाईंच्या पूजेचा सण. दर पाडव्याला असतं. अण्णाजींनी ते उभ्या आयुष्यात छप्पन्न वेळा पाहिलेलं होतं.

"नत्थूजी! दूध?"

"आज?" नत्थूजी नाचायचा थांबला. "आज गोधन हाय नं अण्णाजी. आजचं दूध वासराइचं. माह्या आज्यानं नाई इकलं, बापानं नाई इकलं. गावात एकही गोवारी आज इकत नाई."

"मग काल का सांगितलं नाहीस?"

"तुमी इचारलं कोठी? मले वाटलं, इतला मोठा बोर्ड लावला, अण्णाजीले सारं माईत असन."

अण्णाजी संतापले की शुद्ध मराठी बोलत. "नत्थूजी, हा सरळ सरळ करारभंग आहे!" ते कडाडले. डफवाल्यांना वाटलं मोठ्या माणसाने जयजयकार केला. त्यांनी अण्णाजींना मध्ये घेऊन असा काही फेर धरला, की ओवाळणी टाकल्यावाचून सुटका होईना. तेवढ्यात एका तांबड्या गाईने दांडीवरचा हार ओढला. तिच्या गळ्यात हार होताच, तेव्हा हाही आपलाच असं तिला वाटलं असावं. तिने तो शांतपणे, एकेक फूल करत संपवला.

रिकामी बरणी घेऊन ते घरी आले तेव्हा देवकाबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, पेल्यांना फडकं मारत होत्या.

"तुले माईत होतं?" अण्णाजींनी विचारलं.

"तीस वर्सापासून पाडव्याचं दूध मी आदल्या दिवशी घेऊन तापवून ठेवून राह्यली. चहा पेता नं तुमी पाडव्याले? थो काय आभायातून पडते?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी म्हटलं, दुधाचं मी पाह्यतो, बायकाइनं मधात बोलू नये. मी म्हटलं, पाहा."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसाला एका कागदावर कोणी निरुत्तर केलं नव्हतं, तो माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात रिकाम्या बरणीत डोकावून पाहू लागला. घरात दूध येतं कसं हे आपल्याला ठाऊक नाही, आणि आपण दुधाचं दुकान काढलंय, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. मनातून फार लाज वाटली.

बंडूजी सल्ल्यांसकट हजर होतेच. पहिला सल्ला, शाळेत वाटतात ती विलायती दुधाची भुकटी आणावी. शाळेला कुलूप होतं. दुसरा, पोटात कळ आली म्हणून निजावं. तिसरा, असेल त्या दुधात पाणी घालावं. "पन आहे कोठी ते दूध?" असं देवकाबाईंनी विचारल्यावर बंडूजींनी तो सल्ला परत घेतला.

"गावात गोवारीच गाई पोसतेत काय?" देवकाबाई म्हणाल्या. "घरोघरी जनावरं हायत. जा, मांगा."

मागा! अण्णाजी राऊतांनी दारोदार दूध मागायचं! पण पावणेआठ वाजले होते. डावा हात खिशात घालून ते निघाले. सायकल एका हाताने चालेना तेव्हा तो बाहेर काढावा लागला, आणि आखूड बाही साऱ्या पुलगावाने पाहिली.

मिलमधल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, बायको मीराबाई हिने तीन शेर दिलं, बरणी धुऊन परत द्यायच्या अटीवर. जिजाबाईने दोन शेर दिलं आणि अर्धा तास आपल्या सुनेबद्दल सांगितलं. कवडू तेल्याने मोठ्या मनाने शेळीचं शेरभर देऊ केलं. ते नाकारणं जड गेलं, म्हणून अण्णाजींनी तिथेच उभ्याने पिऊन टाकलं. टांगेवाल्या रहमानभाईंनी गाईखालचं तीन शेर देऊन वर विचारलं, "कितना और होना?"

"बारा शेर."

"तो तानाबाई के यहाँ जाओ ना. तीन भैंसें हैं. रेल्वे के बहुत-से बाबू छुट्टी पे गये, दूध पड़ा होगा."

तानाबाई लाइनीपलीकडच्या वस्तीत राहत असे. मागल्या साली दसऱ्याला अख्खी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. बौद्ध झालो, म्हणून गावची जुनी कामं तिने सोडली. पण गावाने आपलं काही सोडलं नव्हतं. तानाबाईचं दूध रेल्वेच्या क्वार्टरांत जाई, गावात येत नसे.

रेल्वे फाटकाशी अण्णाजी उतरले. सायकलीची साखळी तपासली. ठीक होती. पुन्हा तपासली. मग फाटकवाल्याने विचारलं, "काऊन जी, बिघडली का?" तेव्हा त्यांना पलीकडे जावंच लागलं.

तानाबाई म्हशींना सरकीची ढेप चारत होती. पन्नाशीची, उंच, आवाज असा की म्हशीही कान टवकारत. अण्णाजींचं सगळं ऐकून ती म्हणाली, "बारा शेर हाय. पन माही एक अट हाय."

"बोल. भाव काय लावतेस?"

"भाव रेल्वेवाल्याइचाच. अट दुसरी. लोकाइले पाजाच्या आधी सांगा लागन, कोनाकोनाच्या घरचं दूध हाय थे. सर्व्याइचं नाव. माहं बी."

अण्णाजींनी हळूच विचारलं, "नंतर सांगितलं तर?"

"नंतर सांगतलं तर म्हनतीन बाटवलं. आधी सांगजा. ज्याले प्याचं थो पेईन, ज्याले नाई थो उठून जाईन. चोरून पेयाले थे का दारू हाय?"

अण्णाजींनी खिशातल्या पत्रिकेच्या मागे यादी केली. तानाबाई म्हणाली, वाचून दाखवा.

"मीराबाई, जिजाबाई, रहमानभाई, तानी."

"मीराची बाई झाली, जिजाची बाई झाली," तानाबाईने ढेपेचे हात झटकले. "माही बाई कोठी सांडली?"

शेकडो लोकांच्या अर्जांवर अण्णाजींनी 'दुरुस्ती करून आणावे' असा शेरा मारला होता. आपल्याच कागदावर दुरुस्ती करायची ही त्यांची पहिलीच वेळ. खोडून त्यांनी स्वच्छ लिहिलं, तानाबाई. बरणी भरताना ती म्हणाली, "मी येईन संगं. बरनी माही हाय, अन् कानबी माहेच हायत."

साडेनऊला चार घरचं दूध एका पातेल्यात पडलं. बंडूजींनी नाकाला उपरणं लावलं. "नासन," ते म्हणाले. "लिहून घ्या. हे एका चुलीवर नांदाचं नाई."

सगळे पातेल्याकडे टक लावून बसले. दूध तापलं, वर आलं, जाड साय धरली. देवकाबाईंनी केशर टाकलं आणि म्हणाल्या, "बंडूजी, दुधाले जात असती तर म्हशीनंच सांगतली असती."

अकराला बापूराव आले. हार गाईच्या पोटात होता, म्हणून देवकाबाईंनी दाराचं तोरण उतरवून ते अण्णाजींच्या हाती दिलं. आंब्याच्या पानांसकट ते बापूरावांच्या गळ्यात पडलं. पानांची टोकं टोचत होती, तरी बापूराव तसेच भाषणाला उभे राहिले.

"पाटीकडे पाहा!" ते म्हणाले. "एकाच घरचं दूध! आजच्या काळात अशी एकनिष्ठा मिळेल का? अण्णाजींनी आयुष्यात काहीही दोन ठिकाणचं घेतलं नाही!" टाळ्या पडल्या. पेले भरून मांडलेले होते, केशराचा वास सुटला होता. साठ माणसं अण्णाजींकडे पाहत होती. मागच्या दारात, खिळ्याखाली, तानाबाई उभी होती.

अण्णाजींच्या मनात आलं, न वाचलं तर? बापूराव खूश आहेत, ठेका हातात आहे. कोणाला कळणार आहे? आणि लगेच मनात आलं, एका बाईला कळणार आहे. तिला शब्द दिलाय, आणि कागदावर लिहून दिलाय. अण्णाजी एक वेळ शब्द फिरवतील, पण कागद? शक्यच नाही.

ते उभे राहिले. डावा हात खिशातून काढून त्यांनी पत्रिकेची मागची बाजू वर केली.

"दूध घेण्यापूर्वी एक निवेदन," ते म्हणाले. "आज गायगोधन असल्याने नत्थूजीचं दूध बंद आहे. प्रस्तुत दूध पुढील चार घरचं आहे. मीराबाई. जिजाबाई. रहमानभाई." इथे त्यांनी घसा खाकरला, आणि कचेरीत साहेबांचा हुकूम वाचत त्या आवाजात वाचलं, "आणि लाइनीपलीकडच्या तानाबाई. यांचं सर्वांत जास्त. बारा शेर."

मागच्या बाकावरचे तिघे उठले, धोतरं झटकली आणि गेले. बंडूजीही उठले. मग पेढे अजून वाटायचे आहेत हे लक्षात येऊन बसले. बाकी सगळे बापूरावांकडे पाहू लागले, आणि बापूराव पेल्याकडे.

"मला... म्हणजे आज माझा उपास आहे," बापूराव म्हणाले.

पाडव्याचा उपास हिंदुस्थानात कोणी ऐकलेला नव्हता. पण मोठ्या माणसाला कोण बोलणार? तेवढ्यात देवकाबाई पेला घेऊन पुढे आल्या. पदर नीट केला, आणि अगदी वहिनीच्या मायेने म्हणाल्या, "मंग तर घ्याच नं भाऊजी. उपासाले दूधच तं चालते."

कुठूनतरी हसू फुटलं. आधी रहमानभाई, मग रेल्वेचे दोन बाबू, मग सगळा गाळा. बापूरावही हसले. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून एक घोट घेतला. मग डोळे उघडून दुसरा घेतला. मग पेला रिकामा करून त्यांनी मिशा पुसल्या आणि भाषणातली मराठी सोडून विचारलं, "म्हंजे अण्णाजी, तुमचा गवळी आज आलाच नाई?"

"नाही."

"तरी माह्या हातात दूध हाय."

"आहे."

"माह्या वसतिगृहाचा गवळी एकुलता एक हाय," बापूराव म्हणाले. "महिन्यातून चार दिवस सासऱ्याच्या तब्येतीले जाते. सासरा मरून तीन वर्सं झाले. पोरं कोरा चहा पेऊन राह्यले." मग मागच्या दाराकडे पाहून ते म्हणाले, "तानाबाई, रोज बारा शेर जमन काय?"

"क्वार्टराचं तोडनार नाई," तानाबाई म्हणाली. "चौथी म्हैस घ्या लागन. जमन. पन यादीत नाव राह्यलं पाहिजे."

ठेका मिळाला. दुसऱ्या दिवशी नत्थूजी बरणी भरून आला आणि तोंड फुगवून म्हणाला, "माह्यावर सवत आनली म्हनतेत?"

"एक नाई, चार," अण्णाजी म्हणाले. "अन् तू घरातलाच हायस. ये, दूध ओत." आणि त्याच आठवड्यात त्यांनी दुसऱ्या शिंप्याकडे माप दिलं.

लायसनचं मात्र आठ दिवस चाललं. बोटभर रकान्यात पाच नावं बसेनात. हरिदासबाबूंनी अर्ज दोनदा परत केला. तिसऱ्यांदा अण्णाजींनी तीन प्रतीत असा नमुनेदार पुरवणी कागद जोडला, की हरिदासबाबूंनी एका झटक्यात शिक्का मारला. पेंटरने पाटीवरचं 'एकाच' खरवडलं. पण ते इतकं मोठं होतं, की त्या जागी 'पाच' लिहूनही उरलेल्या जागेत एका हरणाचं चित्र काढावं लागलं.

तानाबाई बरणी द्यायला आली तेव्हा देवकाबाईंनी तिला आत बाकावर बसवून बापूरावांना दूध दिलं त्याच पेल्यांतल्या एकात चहा दिला. अण्णाजी पक्कड घेऊन मागच्या दाराबाहेर खटपट करत होते. कान तुटलेला कप त्यांनी आधीच उकिरड्यावर फेकला होता. खिळा काही निघेना. सुताराने मनापासून ठोकला होता.

तानाबाई चहा पीत पीत बराच वेळ ती खटपट पाहत होती. शेवटी ती उठून दारात आली.

"थो खिळा फेकू नका, अण्णाजी," ती म्हणाली. "मजबूत हाय. निघाला का आत आनून ठोका, अन् त्याले थे लायसन टांगा. माहं नाव हाय त्याच्यात."